छुट्टन बँडवाला खाली बसतो

आज दोन मे. कूलरच्या जुन्या ताट्या काढून अंगणात टाकल्या आहेत, नव्या वाळ्याची खस भिजत घातली आहे आणि ती फुलेपर्यंत मला तासभर मोकळा आहे. हे काम एरवी एप्रिलमध्येच उरकतं, या वर्षी राहून गेलं. ताट्यांची तार सोडवत होते तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला. झोप लागत नाही म्हणून तो कुठल्याशा डॉक्टरकडे जाऊन आला होता आणि डॉक्टरने विचारलं होतं, घरात आधी कोणाला असा त्रास होता का. आई, आजोबांना काही होतं का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, तू कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस, आता माझे हात ओले आहेत, लिहून ठेवते. हे लिखाण तेवढ्यासाठी.

आमचं घर कांचघरला, हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या वस्तीत होतं. एकामागे एक तीन खोल्या, मागे मोरी आणि एक पेरूचं झाड. बाबा, म्हणजे देवाजी, संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. आमच्या ओळीतली बरीच घरं भंडारा-नागपूरकडून आलेली, आजोबांच्या पिढीत कारखान्याला चिकटलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं झालं तर जे तोंडात येईल ते. सकाळ भोंग्याने व्हायची. पहिल्या भोंग्याला आई कणीक मळायला घ्यायची, दुसऱ्याला बाबांचा डबा बांधून तयार असायचा, तिसऱ्याच्या आधी सगळी गल्ली सायकलींच्या घंट्यांनी भरून जायची आणि लगेच रिकामी व्हायची. मग दिवसभर रेल्वेच्या यार्डातून डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज यायचे. पाहुण्यांना ते बंदुकीच्या बारासारखे वाटत, आम्हाला ऐकूच येत नसत. रविवारी आई पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची, इतका तिखट की खाताना कोणी बोलायचं नाही. पगाराच्या दिवशी बाबा खोव्याची जलेबी आणत. ती काळी आणि जड असते आणि एकच खाल्ली तरी पोट भरतं.

पुढच्या खोलीत आईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टीव्ही आणि टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. नागपूरच्या मामाने तो माझ्यासाठी आणला होता, पण आईला कुठलीही वस्तू नुसती पडून राहिलेली चालत नसे. आठवड्याभरात तिने पुढच्या खोलीतला पलंग आत हलवला, सतरंजी अंथरली आणि गल्लीतल्या पोरांना पैसे घेऊन अर्ध्या अर्ध्या तासासाठी आत सोडायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर दुकान माझ्याकडे. कोणाची बारी संपली ते सांगायचं, एकाच्या पैशात दोघं खेळत असतील तर बाहेर काढायचं, आणि चित्र फाटायला लागलं की कॅसेट काढून तिच्या तळाशी फुंकर मारून परत बसवायची. शाळेत मी जे शिकले त्यातलं फार थोडं उपयोगी पडलं. दुकानातलं सगळं पडलं.

आमच्याकडे कॅसेट तशी एकच बरी होती. कुठल्या देशातली, नाव काय, कोणाला ठाऊक नव्हतं, वरचा कागद मामाच्या हातात येण्याआधीच फाटलेला होता. तिच्यात एक ठेंगणा माणूस होता, अंगात लाल कोट, गळ्यात ढोल. तो ढोल वाजवत चालायचा, खड्डे ओलांडायचा, कुत्र्यांना चुकवायचा, छपरांवरून उड्या मारायचा आणि टप्पा पार झाला की ढोलाची काठी आकाशात उडवून झेलायचा, दात दाखवून चारी बाजूंना वाकून नमस्कार करायचा. आमच्याकडच्या वरातीतल्या बँडवाल्यासारखाच दिसायचा तो. पोरांनी त्याचं नाव ठेवलं छुट्टन. छुट्टन खड्ड्यात पडला तरी हसतच पडायचा आणि वरून पुन्हा हसत खाली यायचा. दिवसभर ते एकच गाणं वाजायचं. आई भाजी फोडणीला घालताना नकळत त्याच चालीवर मान हलवायची.

आता छुट्टनबद्दलची एक गोष्ट, जी पोरांना माहीत नव्हती. पोरं पैसे देऊन खेळत, त्यामुळे ती एक क्षणही हात थांबवत नसत. मी मात्र दुपारी पोरं यायच्या आधी टीव्ही चालू करून सतरंजी झाडत असे. तेव्हा बटनाला कोणाचा हात नसे. छुट्टन थोडा वेळ तसाच हसत उभा राही. मग एक पाय आपटी. मग इकडेतिकडे बघे. आणि तरीही कोणी बटन दाबलं नाही, तर गळ्यातला ढोल काढून खाली ठेवी, त्याच्यावर बसे आणि मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राही. दात दिसेनासे होत. खांदे फक्त हळूहळू वरखाली व्हायचे. गाणं तेच वाजत राहायचं. बटन दाबलं की ताडकन उठे आणि पुन्हा दात.

माझा मुलगा सांगतो की असं आता सगळ्याच गेममध्ये असतं, खेळणारा थांबला की पात्राने काहीतरी करावं म्हणून. कोणी जांभई देतं, कोणी केस सारखे करतं. असेल. पण ज्याने कोणी छुट्टनला ते बसणं दिलं, त्याने घरात कोणालातरी तसं बसलेलं पाहिलं असणार असं मला वाटतं. ते बसणं कल्पनेतून काढलेलं नव्हतं.

बाबा गल्लीचे हसवणारे होते. लग्नात माइक त्यांच्या हातात, कारखान्याच्या कँटीनमध्ये साहेबांच्या नकला त्यांच्या, विहारात मुलांचा कार्यक्रम असला की आधी देवाजीभाऊला विचारा. एकदा संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले, पोरं खेळत होती, आणि बाबांनी डबा खाली ठेवून दारातच छुट्टनची चाल करून दाखवली. पोट पुढे, गुडघे बाहेर, हवेत काठी उडवणं, चारी बाजूंना नमस्कार. पोरं सतरंजीवर लोळली. दुसऱ्या दिवशी ती आपल्या भावंडांना घेऊन आली. मग वाढदिवसांना बोलावणी यायला लागली. आईने एका जुन्या लाल पडद्याचा कोट शिवला. सहा महिन्यांत बाबांचं नाव गेलं आणि छुट्टन राहिला. सायकलवरून जाताना लोक ओरडायचे, ‘ओ छुट्टन भैया, एक बार!’ आणि बाबा हँडल सोडून काठी उडवल्याचा हात करायचे. मला घेऊन बाजारात गेले तरी हेच. भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून ठेवी, आधी नाच दाखवा म्हणे.

घरी आल्यावर बाबा कोट खिळ्याला टांगत आणि मधल्या खोलीत पलंगाच्या काठावर बसत. बसत म्हणजे बसूनच राहत. आई चहा ठेवी, चहावर साय धरे. जेवायला हाक मारली की येत, ताटात भाकरी मोडून ठेवत आणि तशीच सोडत. आधी दोन भाकरी खाणारा माणूस अर्ध्यावर आला. आम्ही विचारलं की म्हणत, कँटीनमध्ये खाल्लं. सुट्टीच्या दिवशी दाढी-आंघोळ करायचं सोडलं. रात्री मी पाणी प्यायला उठले की ते जागेच असत. दाराची कडी वाजली की मात्र उठत, चेहऱ्यावरून हात फिरवत आणि दार उघडेपर्यंत छुट्टन होत. हे मी मोरीच्या दारातून कितीदा पाहिलं. मला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या घरात कोणाला फारसं काही वाटायचं नाही त्या वर्षी. आई डाळ निवडायची, मी दुकान बघायची, बाबा बसायचे. उन्हाळ्यात माणूस ऊन बोलून दाखवत नाही, तसं.

एक दिवस ते दुपारीच घरी आले. अंगात कणकण आहे म्हणाले. माझी सतरंजी झाडून झाली होती आणि मी बाकीच्या कॅसेटवरची धूळ पुसत होते. टीव्हीवर छुट्टन ढोलावर बसला होता. बाबा दारात थांबले.

‘हा काहून बसला?’

मी म्हटलं, कोणी बटन दाबलं नाही म्हणून.

‘थकला काय?’

मी म्हटलं, थकत नाही तो, त्याला तसंच बनवलंय, आणि दाखवायला म्हणून बटनाकडे हात नेला.

‘दाबू नको,’ बाबा म्हणाले. ‘बसू दे त्याले.’

ते चपला न काढता सतरंजीवर बसले. पाय पोटाशी घेऊन, मान खाली, नजर टीव्हीवर. गाणं वाजत होतं. मी आतून पाणी आणून त्यांच्याजवळ ठेवलं. पोरं आली तेव्हा पहिल्याने बटन दाबलं, छुट्टन उठला, आणि बाबाही उठले आणि पोरांकडे बघून दात दाखवले. ते बघून मी एकच गोष्ट ठरवली, ती म्हणजे दुपारी टीव्ही चालू न करता झाडायचं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरी एक नियम लहान मुलांनाही पाठ असतो. माणूस सर्व्हिसमध्ये असताना गेला, तर घरातल्या एकाला अनुकंपेची नोकरी लागू शकते. आमच्या गल्लीत तशी लागलेली दोन माणसं होती. ‘बाप गेला पण पोरगा लागला’ असं बायका नळावर बोलत, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. निवृत्त होऊन गेलेल्या माणसाबद्दल मात्र थोडी हळहळ असे, की याच्या घरच्यांना काहीच मिळालं नाही. हे मी रंगवून सांगत नाही, असंच बोललं जायचं.

तर मार्चमध्ये, आई गव्हातले खडे निवडत होती आणि मी तिच्यासमोर बसून तेच करत होते, तेव्हा बाबा पलंगावरून म्हणाले, ‘वंदू, तुले अठरा कधी पुरे होतात?’

मी म्हटलं, मे महिन्यात.

‘ऑफिसात विचारून आलो. लेकीलेही लागते नोकरी. अठरा पाहिजे फक्त. मॅट्रिकची मार्कशीट जपून ठेव.’

आई म्हणाली, काहीतरीच बोलतात, आणि सूप घेऊन पाखडायला लागली. बाबांचा आवाज रेशनच्या दुकानात केरोसीन कधी येणार ते सांगतानाचा होता. चार-आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, मार्कशीट कुठे ठेवलीस. मी म्हटलं, पेटीत. ते बरं म्हणाले. त्या दुसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की बाबा वाट बघून राहिले आहेत. मी आईकडे पाहिलं. तिने डोकं वर केलं नाही. आईचा एक काका होता, त्याला तरुणपणी वेड्यांच्या दवाखान्यात भरती केलं होतं आणि तो परत आला नव्हता. तेव्हापासून आईच्या माहेरी त्याचं नाव घेत नाहीत. आईला त्या दवाखान्याची भीती मरणाहून जास्त होती, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त तिचा राग आला होता, तोही थोडाच.

मग एप्रिल लागला आणि जयंती आली. आमच्याकडे जयंती म्हणजे दिवाळीहून मोठी. गल्लीभर निळ्या पताका, विहाराला चुना, सकाळी वंदना, दुपारी मिरवणूक, संध्याकाळी मैदानात भाषणं आणि गाणी, मग सगळ्यांचं जेवण. भाषणं आणि जेवण यांच्यामध्ये बाबांचा कार्यक्रम. समितीचे सेक्रेटरी खोब्रागडे काका आमच्या शेजारच्याच ओळीत राहायचे, मोठ्या आवाजाचे आणि मनाने चांगले. त्यांनी आठ दिवस आधी येऊन सांगितलं की यंदा छुट्टन पाहायला कंचनपूरहूनही लोक येऊन राहिले, भाऊ, नाक कापू नको. बाबांनी दात दाखवले. काका गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, मी नाही गेलो तर चालेल काय. आई म्हणाली, अहो, काका नाव जाहीर करून बसले. बाबा म्हणाले, अच्छा.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. बायका एका बाजूला सतरंज्यांवर, पुरुष खुर्च्यांवर आणि मागे उभे, पोरं स्टेजला चिकटून. स्टेजच्या मागे कढई चढलेली, पुरीच्या तेलाचा आणि बुंदीच्या पाकाचा वास सगळीकडे. भाषणं लांबली होती, लोक भुकेलेले होते आणि म्हणून जास्तच हसायला तयार होते. एका पोराने आमच्या गेमचं गाणं टेपवर भरून घेतलं होतं, ते लावलं. बाबा लाल कोट घालून, गळ्यात विहाराच्या बँडचा ढोल अडकवून आले. चालले, उड्या मारल्या, कुत्र्याला चुकवलं, खड्ड्यात पडले, उठले. मैदान दणाणलं. काठी उडवली, झेलली. चारी बाजूंना नमस्कार केला. आणि चौथा नमस्कार झाल्यावर ते थांबले. थोडा वेळ हसत उभे राहिले. एक पाय आपटला. इकडेतिकडे पाहिलं. मग गळ्यातून ढोल काढून खाली ठेवला, त्याच्यावर बसले आणि मान खाली घालून पायांकडे बघत राहिले.

लोक आधीपेक्षा जास्त हसले. पोरं ओरडली, ‘पॉज हो गया! छुट्टन पॉज हो गया!’ पोरांना बसणारा छुट्टन ठाऊक नव्हता, पण गेम थांबवता येतो हे ठाऊक होतं. सगळ्या मैदानाला ती गंमत पटली. खोब्रागडे काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, चलो, टाळ्यांचं बटन दाबा, टाळ्या वाजल्या की भाऊ उठतो. टाळ्या वाजल्या. बाबा उठले नाहीत. काका म्हणाले, जोरात दाबा, कांचघरवाल्यांच्या हातात जोर नाही काय. आणखी टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. टेपवरचं गाणं चालूच होतं. बाबांचे खांदे हळू वरखाली होत होते. एवढ्या माणसांमध्ये ते बसणं आधी पाहिलेलं माणूस मी एकटी होते, आणि मला माहीत होतं की ते थांबलेले नाहीत. ते बसले होते.

मी बायकांमधून उठून स्टेजच्या मागच्या बाजूने गेले. आधी टेप बंद केला. मग बाबांजवळ जाऊन खाली बसले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग, आणखी टाळ्या आल्या. मी म्हटलं, बाबा, घरी चला.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘उठता येऊन नाही राहिलं, वंदू.’

मी म्हटलं, मग बसा. काकांना हाताने बोलावलं आणि सांगितलं, जेवण लावा. काका म्हणाले, अजून दोन गाणी आहेत. मी म्हटलं, काका, पुऱ्या थंड होऊन राहिल्या, जेवण लावा म्हणते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण काकांनी जाहीर केलं. भुकेल्या माणसांचं मैदान एका मिनिटात वळतं. तिकडे पत्रावळी वाटायला सुरुवात झाली आणि इकडे स्टेजवर आम्ही दोघं राहिलो. मी त्यांच्या शेजारी, ते ढोलावर. येणारे-जाणारे हातात पत्रावळ घेऊन म्हणत होते, वा भाऊ, काय ॲक्टिंग केली, एकदम मशीनसारखी. एका बाईने पुऱ्या आणि बुंदी बाबांच्या मांडीवर ठेवली. काका येऊन म्हणाले, पुढच्या वर्षी हेच शेवटी ठेवू, सगळ्यात जास्त हेच गाजलं. बाबांनी मान वर केली आणि दात दाखवले. त्या दिवसभरात मला तेवढंच एक बघवलं नाही.

पंगत संपून मैदान रिकामं झाल्यावर ते आपोआप उठले. आम्ही तिघं घरी चालत आलो, आई थोडी मागे, हातात बुंदीची पिशवी. बाबा कोट काढून मधल्या खोलीत आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. मी आईला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, उद्या मी बाबांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेते, डोक्याच्या डॉक्टरकडे. कारखान्याच्या दवाखान्यात नाही, तिथे सगळे ओळखतात. आई लाल कोटाची घडी घालत होती. ती म्हणाली, लोक वेडा म्हणतील. मी म्हटलं, लोक ॲक्टिंग मस्त केली म्हणून राहिले. ती म्हणाली, भरती करून घेतील, परत देणार नाहीत. मी म्हटलं, मी सोबत आहे, मी परत आणेन. ती म्हणाली, थकवा आहे, ऊन उतरलं की बरं वाटेल. हे ती कोटाशी बोलत होती.

मी म्हटलं, ‘आई, माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.’

तिचे हात थांबले. मार्चमधली ती दोन्ही बोलणी तिनेही ऐकली होती, सुपाच्या आवाजात पण ऐकली होती. कोण कशाची वाट बघतंय हे तिलाही माझ्याइतकंच ठाऊक होतं, फक्त ते आमच्यात आतापर्यंत कोणी समोर ठेवलं नव्हतं. ती रडली नाही. आमच्याकडे त्या वर्षी रडणंही बंद पडलं होतं. बुंदी डब्यात काढली, झाकण लावलं, ओटा पुसला. मग म्हणाली, ‘तिथं गर्दी असते. पहिल्या भोंग्याआधी निघ.’

आज इतक्या वर्षांनी लोक म्हणतात, तेव्हा कोणाला काही कळत नसे. कळत होतं. कळलेलं ठेवायला घरात जागा नव्हती, एवढंच.

सकाळी आईने बाबांची दाढी करायचं पाणी ठेवलं, पण त्यांनी केली नाही आणि आम्ही आग्रह केला नाही. मी त्यांची सायकल काढली. त्यांना म्हटलं, मागे बसा. ते म्हणाले, मी चालवतो. मी म्हटलं, मागे बसा. ते कॅरियरवर बसले. ते बारीक झाले होते तरी बाप होते, चढावर मला धाप लागली. पहिला भोंगा आम्ही चौकात असताना झाला. लवकर निघूनही पहिल्या पाळीची माणसं समोरून यायला लागलीच होती. त्यांच्यातला एक ओरडला, ‘अरे छुट्टन! आज बिटिया की गाडी पे? एक बार हो जाए!’ बाकीचे हसले. मागे कॅरियर हललं. मला न बघताच कळलं की बाबांचा हात वर चालला आहे.

मी म्हटलं, ‘बाबा, हात खाली ठेवा.’

मग त्यांचा हात सीटच्या मागे येऊन टेकला आणि त्यांनी सीट धरून ठेवली. समोरचा माणूस पुढे निघून गेला. मागून त्याचा आवाज आला, ‘क्या हुआ, नाराज़ है क्या?’ मी पायडल मारत राहिले.

दवाखान्यात रांग होतीच. मी बाबांना भिंतीजवळच्या बाकावर बसवलं आणि रांगेत उभी राहिले. खिडकीशी नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने खाली बघतच विचारलं, मरीज कोण, काय तकलीफ. रस्ताभर मी ठरवत आले होते की चक्कर म्हणून सांगायचं, मग डॉक्टरजवळ गेल्यावर खरं. माझ्यामागे बरीच माणसं होती, त्यांतली दोन-तीन कारखान्याचीही असतील. मी खिडकीच्या जाळीजवळ तोंड नेलं नाही. उभी होते तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘मेरे पिताजी हैं। न सोते हैं, न खाते हैं। मरने का हिसाब लगा के बैठे हैं। मन के डॉक्टर को दिखाना है।’

खिडकीतल्या माणसाने मान वर केली, आधी माझ्याकडे, मग बाकाकडे पाहिलं, आणि चिठ्ठी देऊन वरच्या मजल्यावरची खोली सांगितली. मी वळले. बाबांनी ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं, आणि त्यातले बरेच जण त्यांच्याकडे बघत होते. बाबा भिंतीला पाठ टेकवून बसले होते, दाढी वाढलेली, डोळे उघडे, आणि ते त्यांच्यापैकी कोणाकडेही बघून हसत नव्हते.